मातीच्या भेंड्यात काड, वाख आणि काथ्या: किती घालावे आणि कशासाठी

लातूर जिल्ह्यातील एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गावी शेतातल्या जागेत मातीच्या भेंड्यांचे, म्हणजे न भाजता वाळवलेल्या मोठ्या कच्च्या विटांचे, दोन खोल्यांचे घर बांधायचे आहे. घरी गव्हाचे काड आणि सोयाबीनचे भुसकट भरपूर आहे, बांधावर केकताड (घायपात) आहे, बाजारात काथ्या मिळतो. यांपैकी काय घातल्याने भेंडा मजबूत होतो, प्रमाण किती ठेवावे, सोबत सिमेंट मिसळावे का, आणि आतले काड पुढे कुजत नाही किंवा त्याला वाळवी लागत नाही का?

प्रमाणाकडे वळण्यापूर्वी एक हिशेब मांडतो, कारण बहुतेकांची अपेक्षा इथेच चुकते. मातीची भिंत ३ मीटर उंच आहे आणि तिचे वजन घनमीटरला सुमारे १,७०० किलो आहे असे धरले, तर जोत्यालगतच्या सर्वांत खालच्या भेंड्यावर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम अर्धा किलो भार येतो. वर पत्र्याचे किंवा कौलांचे छप्पर आले, तरी हा आकडा साधारणपणे एक किलोच्या आतच राहतो. योग्य मातीचा, नीट थापलेला आणि पूर्ण वाळलेला साधा भेंडा दर चौरस सेंटिमीटरला १० ते २० किलो दाब सोसतो. म्हणजे एकमजली घराला लागणारी दाबशक्ती भेंड्यात काहीही न मिसळता पुरेशी असते. भेंडा हार खातो तो अन्य ठिकाणी: वाळताना तो तडकतो, ताण किंवा हिसका बसला की एका क्षणात दुभंगतो, आणि पाणी लागले की विरघळतो. यांपैकी पहिल्या दोन दोषांवर तंतू हा चांगला उपाय आहे. तिसऱ्या दोषावर तो जवळजवळ निरुपयोगी आहे. काड घातल्याने भेंडा दगडासारखा होईल ही कल्पना म्हणूनच सोडून द्यावी. उलट तंतूंचे प्रमाण वाढत गेले की भेंडा हलका आणि सच्छिद्र होतो आणि त्याची दाबशक्ती कमीच होते.

मग तंतू नेमके काय करतात? ओला चिखल साच्यातून निघाल्यावर कडेने आणि वरून आधी वाळतो, आत ओलच राहते. वरचा थर आकसू पाहतो आणि आतला भाग त्याला आकसू देत नाही, म्हणून पृष्ठभागावर ताण निर्माण होऊन भेगा पडतात. चिखलात काड विखुरलेले असेल, तर भेग सुरू झाल्याबरोबर तिच्या दोन्ही काठांना काही काड्या धरून ठेवतात, त्यामुळे एका रुंद भेगेऐवजी केसांएवढ्या बारीक आणि अपायकारक नसलेल्या अनेक भेगा पडतात. शिवाय काडाच्या पोकळ नळ्यांवाटे आतली ओल बाहेर पडते आणि भेंडा अधिक सारखा वाळतो. पुढे भिंतीत गेल्यावर तोच भेंडा भार जास्त झाल्यास एकदम फुटत नाही. तडा गेल्यावरही तुकडे एकमेकांना धरून असतात. ज्यांनी काड नसलेला आणि काड असलेला भेंडा एकाच उंचीवरून टाकून पाहिला आहे त्यांना हा फरक सांगावा लागत नाही: पहिल्याचे ढेकळांत रूपांतर होते, दुसऱ्याचा कोपरा तुटून लोंबत राहतो.

मात्र तंतू चुकीच्या मातीला सुधारत नाहीत. मराठवाड्यात अडचण येते ती काळ्या मातीची. ही माती पाण्याने फुगते आणि वाळताना एवढी आकसते की उन्हाळ्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात; अशा मातीत कितीही काड घातले तरी भेंडे वेडेवाकडे होतात. शेतातली काळी तशीच उचलून साच्यात भरू नये. आपल्याकडे गढ्या आणि जुनी घरे गावठाणातल्या पांढऱ्या मातीची आहेत आणि त्यामागे अनुभव आहे, कारण तिच्यात बारीक रेती व गाळ अधिक आणि फुगणारा अंश कमी असतो. तरीही दोन सावधगिरी बाळगाव्यात. जुन्या वस्तीच्या मातीत क्षार असतात आणि त्यांमुळे भिंतीला लोणा लागतो. खणलेल्या मातीवर वाळल्यानंतर पांढरी पापडी येत असेल तर ती माती घेऊ नये. दुसरे म्हणजे पांढरीचे टेकाड पुष्कळदा जुन्या अवशेषांचे असते, ते परवानगीशिवाय खणणे योग्य नाही. बहुतेक गावांत व्यवहार्य मार्ग असा निघतो की मुरुमाड तांबूस माती मुख्य घ्यावी आणि ती फारच भुसभुशीत असेल तर थोडी काळी चिकटपणासाठी मिसळावी.

मातीची परीक्षा घरच्या घरी होते. ओल्या मातीच्या सुपारीएवढ्या, सुमारे २ सें.मी. व्यासाच्या पाच-सहा गोळ्या करून दोन दिवस वाळवाव्यात आणि अंगठा व तर्जनीत धरून दाबाव्यात. एकही गोळी फुटली नाही तर चिकणमातीचा अंश पुरेसा आहे. गोळ्या चुरल्या तर माती भेंड्याला अपुरी आहे. ही चाचणी भारतीय मानक १३८२७ मध्ये, म्हणजे मातीच्या इमारतींची भूकंपरोधकता वाढवण्यासाठी १९९३ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत, दिलेली आहे. मात्र ती फक्त माती दुबळी आहे का एवढेच सांगते. माती अति चिकट आहे का, हे कळण्यासाठी आकसण्याची परीक्षा घ्यावी. आतून ६० सें.मी. लांब आणि ४ सें.मी. रुंद व खोल अशी लाकडी पन्हाळी करून तिला आतून तेल लावावे, ओली माती दाबून भरावी आणि सावलीत आठवडाभर ठेवावी. वाळलेले तुकडे एका टोकाला सरकवून दुसऱ्या टोकाला किती जागा रिकामी राहिली ते मोजावे. माझा ठोकताळा असा आहे की ही जागा ३ सें.मी.हून अधिक भरली तर आधी जाड रेती मिसळावी, पुन्हा पन्हाळी भरावी आणि त्यानंतरच काडाचा विचार करावा. रेतीने होणारे काम काडावर ढकलले की काड जास्त लागते आणि भेंडा पोचट होतो.

आता तंतूंची निवड. तुमच्याकडच्या वस्तूंमध्ये मी गव्हाच्या काडाला पहिली पसंती देईन, पण मळणीयंत्रातून पडणाऱ्या भुशाला नाही. त्या भुशाचे तुकडे इतके आखूड आणि चेचलेले असतात की भेगेच्या दोन्ही काठांना धरण्याएवढी लांबीच त्यांत उरत नाही. तो गिलाव्यासाठी राखून ठेवावा, तिथे तो उत्तम चालतो. हाताने कापलेल्या गव्हाचे काड मिळाले तर कडबाकुट्टीवर सर्वांत लांब काप लावून ते तोडून घ्यावे. सोयाबीनचे भुसकट भेंड्यासाठी मी सुचवणार नाही, कारण त्यात शेंगांची टरफले आणि ठिसूळ काड्या असतात, लवचीक धागा नसतो. तुराट्या आणि पऱ्हाट्या कुडाच्या भिंतीसाठी नामी आहेत, पण भेंड्यात त्या जाडीमुळे उलट भेग सुरू करतात. ज्वारीचा कडबा जनावरांच्या तोंडचा काढून भिंतीत घालण्यात शहाणपण नाही. उसाचे पाचट वापरता येते, पण पानावरच्या मेणचट थरामुळे माती त्याला नीट धरत नाही, म्हणून ते आधी भिजवून, तुडवून मऊ करावे लागते. कोकणात आणि पूर्व विदर्भात हाच प्रश्न विचारला असता तर उत्तर भाताचा पेंढा किंवा तणस असे आले असते.

केकताडाचा वाख, म्हणजे त्याच्या पानांतला धागा, आणि अंबाडी किंवा तागाचा धागा ही वेगळ्या दर्जाची सामग्री आहे. तुटण्याची ताकद काडापेक्षा त्यांत कितीतरी अधिक असते, म्हणून ते वजनाने निम्मे घातले तरी पुरते. अडचण मेहनतीची आहे: केकताडाची पाने ठेचून किंवा पाण्यात कुजवून वाख काढावा लागतो, आणि त्याच्या रसाने अंगाला खाज सुटते. घरभर भेंड्यांसाठी एवढा वाख काढणे परवडणार नाही. तो कोपऱ्यांच्या आणि दारे-खिडक्यांच्या बाजूच्या भेंड्यांसाठी ठेवावा, कारण भिंत तडकते ती तिथूनच. काथ्या मात्र ओलीला सर्वांत जास्त टिकतो, कारण त्यात लिग्निन हा काष्ठद्रव्याचा अंश वाख आणि तागाच्या मानाने पुष्कळ असतो. कोकण किनाऱ्यावर तो स्वस्त आणि योग्य आहे; लातूरला विकत आणण्याची गरज मला दिसत नाही.

मातीत वनस्पतीचे तंतू मिसळणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले आणि त्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोरड्या, निवाऱ्यातल्या मातीत वनस्पतीचा धागा किती शतके तग धरू शकतो, याचे याहून चांगले प्रमाण मराठवाड्यातल्या माणसाला शोधायची गरज नाही.

प्रमाणाविषयी बोलताना वजन धरावे, कारण ‘एक पाटी काड’ म्हणजे किती हे ती दाबून भरली की सैल यावर ठरते. हाताने थापलेल्या भेंड्यासाठी कोरड्या मातीच्या वजनाच्या १ टक्का गव्हाचे काड हा चांगला आरंभ आहे. माती चिकट असेल तर दीड टक्क्यापर्यंत जावे, २ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. म्हणजे १०० किलो मातीला १ किलो काड. सैल टाकलेले तोडलेले काड किलोमागे साधारण १५ ते २० लिटर जागा घेते, त्यामुळे एवढे काड मातीच्या चार-पाच घमेल्यांना एक घमेले भरते. एकदा वजन करून पाहिले की पुढे घमेल्याने मोजता येते. लांबी ३ ते ६ सें.मी. असावी. याहून लांब काड तुडवताना गुंडाळले जाते आणि साच्याच्या कोपऱ्यांत गोळे अडकतात, आणि गोळा जिथे असेल तिथे माती नसते. वाख किंवा काथ्या घेतला तर अर्धा टक्का पुरे.

काडात ओल शोषण्याचा स्वभाव आहे आणि भेंड्याच्या दृष्टीने तो गैरसोयीचा ठरतो. कोरडे काड चिखलात टाकले की ते पाणी पिऊन फुगते, मातीला बाजूला सारते आणि वाळताना पुन्हा बारीक होते. मग काडाभोवती पोकळी राहून ते मातीत सैल पडते आणि ओढ घेत नाही. यासाठी काड आदल्या दिवशी भिजवून, निथळवून घालावे. जुन्या जाणत्या गवंड्यांची रीत याहूनही चांगली आहे: ते माती, काड आणि पाणी एकत्र करून आठ-पंधरा दिवस मुरत ठेवतात आणि मधूनमधून तुडवतात. काड अर्धवट कुजू लागले की त्यातून चिकट द्रव्ये सुटतात, काडाचा वरचा गुळगुळीतपणा जातो आणि चिखल लोण्यासारखा होतो. वास सुटतो, तेवढा सोसावा. पण काड काळे पडून हातात तुटू लागण्यापूर्वी भेंडे पाडायला घ्यावेत.

भेंडा ३८ × २५ × ११ सें.मी. या मापाचा ठेवला तर वाळल्यावर तो सुमारे १८ किलो भरतो, आणि एका माणसाला उचलून रचायला तेवढे वजन कमाल आहे. साचा पाण्यात बुडवून रेतीत लोळवावा, चिखलाचा गोळा एकाच दमात जोराने साच्यात आपटावा, कोपरे बोटांनी दाबावेत आणि वर पट्टी फिरवावी. दोन-तीन वेळा थोडा थोडा चिखल भरला तर भेंड्यात थर पडतात आणि तो पुढे त्याच रेषेवर सुटतो. साचा काढल्यावर पहिले दोन-तीन दिवस भेंड्यांवर सावली किंवा पेंढ्याचे पांघरूण हवे. त्यानंतर ते कडेवर उभे करावेत आणि किमान चार आठवडे वाळू द्यावेत. हंगाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. विहिरीला पाणी असते आणि ऊन बेताचे असते. एप्रिल-मेमध्ये भेंडे लवकर वाळतात म्हणून लोक तो काळ निवडतात, आणि मग तडकले म्हणून काड वाढवत बसतात.

सर्व भेंडे पाडण्यापूर्वी काडाविना, १ टक्का आणि दीड टक्का असे प्रत्येकी पाच-सहा नमुने करावेत. वाळल्यावर भेंडा दोन विटांवर टेकवावा, टेकूंमध्ये सुमारे ३० सें.मी. अंतर ठेवावे आणि साधारण ७० किलो वजनाच्या माणसाने मधोमध मिनिटभर उभे राहावे. या मापात भेंड्याच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो ताण येतो. चांगला भेंडा तो सोसतो. जो मोडेल त्याची मोड पाहावी. काड्या मधोमध तुटलेल्या दिसल्या तर मातीने त्यांना घट्ट धरले होते. सबंध काड्या सोललेल्यासारख्या सुटून बाहेर आल्या असतील तर चिखल मुरला नव्हता किंवा काड आखूड होते. कोणता नमुना निवडावा हे या मोडीवरून जितके कळते तितके कोणत्याही कोष्टकावरून कळत नाही.

सिमेंटचा प्रश्न यंत्राने दाबलेल्या विटांशी जोडलेला आहे. कोलंबियात १९५० च्या दशकात निघालेल्या सिन्व्हा-राम यंत्रापासून हाताने दाबण्याच्या यंत्रांची परंपरा सुरू झाली. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘अस्त्र’ या ग्रामीण तंत्रज्ञान गटाने आणि पुढे ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटने त्यावर मोठे काम केले. या विटांत ओल कमी, दाब जास्त आणि सुमारे ५ ते ८ टक्के सिमेंट असते, आणि भारतीय मानक १७२५ नुसार त्यांची ताकद ओल्या अवस्थेत तपासली जाते. इथे माती रेताड हवी. तंतू मात्र या विटेत फारसे मानवत नाहीत. दाबाखाली वाकलेला धागा यंत्राचा दांडा वर गेला की पुन्हा ताठ होऊ पाहतो आणि वीट आतून थरांनी उकलते. शिवाय सिमेंटचा क्षारधर्मी ओलावा धाग्यातली काष्ठद्रव्ये हळूहळू खातो आणि तो ठिसूळ होतो. उसाची चोयटी न धुता घातली तर तिच्यातली साखर सिमेंटला नीट धरूच देत नाही. एवढे असूनही घालायचेच असेल तर २ ते ३ सें.मी. लांबीचा काथ्या, अर्ध्या टक्क्याच्या आत, आणि वीट दोन-तीन आठवडे ओली ठेवून.

माझे मत असे की दोन वाटांपैकी एक धरावी. छप्पर चांगले आणि जोते उंच ठेवता येत असेल तर काडाचा कच्चा भेंडा, सिमेंटशिवाय. पावसाचा मारा अटळ असेल तर सिमेंटची दाबलेली वीट, काडाशिवाय. लातूरच्या पावसात पहिली वाट पुरते. चिखलाच्या भेंड्यात ‘थोडे सिमेंट असू दे’ म्हणून मूठभर टाकणे हा निव्वळ खर्च आहे. चिकट मातीत त्याचा थांगही लागत नाही.

तुमच्या जिल्ह्यात भूकंपाचा विषय टाळून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने मातीच्या घरांविषयी भीती बसवली ती योग्यच होती, पण जी घरे कोसळली त्यांत जाड दगडी भिंती मातीच्या गाऱ्यात रचलेल्या होत्या, दोन्ही तोंडांना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते, आणि वर माळवदाचा मातीचा प्रचंड भार होता. जिथे लाकडी खणाचा सांगाडा भिंतींपासून स्वतंत्र उभा होता तिथे तो पुष्कळदा टिकून राहिला. काडाचा भेंडा या तिन्ही दोषांपैकी एकही दूर करत नाही. त्यासाठी मांडणी बदलावी लागते: ३८ सें.मी. जाडीची भिंत २.४ मीटर उंच घेतली तर दोन आडव्या भिंतींमधले अंतर ३.८ मीटरहून अधिक नको, दारे-खिडक्या १.२ मीटरपेक्षा रुंद नकोत आणि बाहेरच्या कोपऱ्यापासून किमान तेवढ्या अंतरावर हव्यात, चौकटीच्या माथ्याशी आणि छपराखाली सर्व भिंतींना गुंफणारा लाकडाचा किंवा बांबूचा अखंड पट्टा हवा, आणि छप्पर हलके हवे. कच्छमधले भुंगे, म्हणजे तिथली मातीची गोल घरे, २००१ च्या भूकंपात तगले ते प्रामुख्याने गोल आकार आणि हलके छप्पर यांमुळे. भेंड्यातल्या काडाचे श्रेय त्यानंतर येते: भिंत तडकल्यावर ढेकळे लगेच अंगावर येत नाहीत आणि बाहेर पडायला काही क्षण मिळतात. पैसा अपुरा असेल तर आधी पट्ट्याचा बांबू घ्यावा, मग वाखाची हौस करावी.

कुजणे आणि वाळवी या दोहोंचे मूळ ओलीत आहे. कोरड्या भेंड्यात चहूबाजूंनी मातीने वेढलेले काड कुजत नाही. वाळवीचे मुख्य आकर्षण जमिनीतून चढणारी ओल हे असते, म्हणून जोते जमिनीपासून किमान ४५ सें.मी. दगडाचे असावे, त्यावर ओल अडवणारा थर द्यावा आणि वळचण भिंतीच्या बाहेर ६० सें.मी. तरी यावी, म्हणजे पागोळ्या जोत्यापासून दूर पडतील. काडात दाणे राहू देऊ नयेत; ते ओल्या भेंड्यात उगवतात आणि पुढे उंदरांना आमंत्रण देतात. बाहेरून गिलावा मातीचाच करावा: एक भाग चाळलेली माती, दोन भाग रेती, तुमचा मळणीयंत्राचा भुसा आणि मुरवलेले शेण. शेणातले बारीक तंतू आणि चिकटपणा पावसाचा मारा बऱ्याच अंशी सोसतात, आणि दर दिवाळीपूर्वी हात फिरवला की भिंत पुढच्या पावसाळ्याला तयार होते. सिमेंटचा गिलावा करू नका. तो भेंड्यासारखा आकसत-पसरत नाही, काही वर्षांत भिंतीपासून सुटतो, आणि त्याच्या भेगेतून आत गेलेले पाणी बाहेर यायला वाट उरत नाही. काड कुजलेल्या भिंती मी पाहिल्या त्या जवळजवळ सगळ्या अशाच गिलाव्याच्या आतल्या होत्या.